आरपार फुंकर

ग्वांगचौ
६ एप्रिल १९८८

बिंग,

फुक-काकांच्या हाती बिस्किटांचा निळा डबा पाठवते आहे. नववर्षाला तूच पाठवलेला डबा तो, तेव्हा बिस्किटं असतील म्हणून लेकीला पुढ्यात बसवून उघडू नकोस. आत कापसात गुंडाळलेला बाबांनी कोरलेला हस्तिदंती गोळा आहे.

हस्तिदंत आला कुठून म्हणशील, तर आजोबांच्या वेळचा आहे. ज्या वर्षी दंडाला लाल पट्ट्या बांधलेली पोरं घराघरांत घुसून जुन्या वस्तू फोडत होती, त्या वर्षी बाबांनी तो तुकडा मेणकापडात बांधून कोळशाच्या वड्यांखाली पुरला होता. मला पत्ता नाही. मी आपली वर्षानुवर्षं त्याच्यावरून कोळसा उचलत होते. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी तो उकरून काढला आणि मग त्याच्याशीच संसार मांडला. एकवीस थर आहेत, एकात एक, सगळे सुटे फिरणारे. सर्वांत वरची साल तेवढी कोरी ठेवली आहे. म्हणाले, "साल बिंगला करायला सांग." का, कशासाठी, काही नाही. एवढंच.

डबा बंद करण्याआधी नेहमीची परीक्षा झाली. सुईने सगळ्या थरांची भोकं एका रेषेत आणली, गोळा तोंडाला लावून फुंकर मारली आणि पलीकडे मी तळहात धरला. फुंकर एकवीस थरांतून आरपार माझ्या हातावर आली. मी "आली" म्हटलं तेव्हा कुठे त्यांचा चेहरा सैल पडला. आपल्या गोळ्याची फुंकर आपल्याच हातावर घ्यायची नाही, हा त्यांचा नियम तुला मी काय सांगू. लहानपणी पलीकडचा हात तुझाच असायचा.

बाकी ठीक आहे. बाबा दिवसभर दारात बसतात, पावलांवरून माणूस ओळखतात आणि ओळखल्यावर नावानिशी शिव्या देतात. तू डोंगर ओलांडून हाँगकाँगला गेलास त्याला सव्वीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत त्यांनी तुझ्यासाठी पहिल्यांदा काही पाठवलं आहे. नीट घे.

तुझी ताई,
युत-हिंग


कौलून
२४ एप्रिल १९८८

ताई,

गोळा पोचला. काम बघून मी अर्धा तास खाली बसलो, खोटं कशाला बोलू. आमच्या कारखान्यात दातांच्या डॉक्टरसारखं विजेचं यंत्र आहे, घर्र घर्र करून आठवड्याला गोळा पाडतं. पण आतले थर असे कागदासारखे पातळ कुणाच्या बापाला जमणार नाहीत. माझ्या बापाला जमतात, तीच तर अडचण आहे.

पण साल? ताई, तू इतकी भोळी आहेस की सोंग घेतेस? मी अठरा वर्षांचा होतो. माझी कोरायची वाकडी आकडी घसरली आणि आतला थर फुटला. सगळ्या कारागिरांसमोर बाबा काय म्हणाले, आठव. "आतलं काम याचं नाही. हा सालीचा माणूस." आपल्याकडे आत शिरतो तो उस्ताद आणि साल कोरतो तो रोजावरचा गडी. दोन वर्षं मी खाली मान घालून साली कोरल्या आणि मग डोंगर ओलांडला. लोक भुकेपायी गेले, मी त्या एका वाक्यापायी गेलो.

आता इतक्या वर्षांनी म्हातारा तेच वाक्य कापसात गुंडाळून पाठवतो. टोमणा मारावा तर असा. मानलं त्यांना.

डबा कपाटावर ठेवला आहे. हात लावणार नाही. पाहिजे तर फुक-काकांबरोबर परत पाठवतो. आणि ये-ये म्हणून मला लिहीत जाऊ नकोस. त्यांनी एकदाही बोलावलं नाही, न बोलावता जायला मी काही पाहुणा नाही.

वाई-सान चौदाची झाली. माझ्यापेक्षा उंच होणार असं दिसतं. तुझ्यासाठी लोकरीचा गंजीफ्रॉक पाठवतो आहे, मळका रंग मुद्दाम घेतला, धुवायला आळस करतेस म्हणून.

बिंग


ग्वांगचौ
२७ सप्टेंबर १९८८

बिंग,

गंजीफ्रॉक मिळाला. मळका नाही, चिखलाचा रंग आहे. घालते.

तुझ्या त्या पत्राला उत्तर द्यायला मुद्दाम उशीर केला. लगेच लिहिलं असतं तर फुक-काकांना ते पत्र चिमट्याने धरून न्यावं लागलं असतं. तुझी जीभ बाबांवर गेली आहे, अक्कल मात्र कुणावर गेली देव जाणे.

डबा परत पाठवू नकोस. तुझं उत्तर मी त्यांना वाचून दाखवलं नाही. "बिंगने साल घेतली का?" विचारलं, मी "घेतली" म्हणाले. झालं, तिथून माझ्या मागे साडेसाती लागली. दुसऱ्या दिवशी विचारतात, "काय कोरतोय?" मी म्हटलं ड्रॅगन. "किती?" मी म्हटलं नऊ. मी सूप ढवळत होते, जो आकडा तोंडात आला तो दिला. तेव्हापासून रोज जेवताना मला ड्रॅगन वाढावे लागतात. एकाच्या मिशा झाल्या, दुसऱ्याच्या पायाखाली ढग आले. परवा काही सुचेना म्हणून सांगितलं की एक ड्रॅगन तोंड मिटून बसला आहे. तर म्हणाले, "तोंड मिटलेला? नवीन आहे. करू दे, हात चांगला आहे त्याचा." मग दोन वाट्या भात जास्त खाल्ला.

तू विचारशील, साल स्वतः का नाही केली. ते मला विचारू नकोस. बोलायचं नाही अशी मला ताकीद आहे. टोमणा नाही, एवढं मात्र मी आईच्या थडग्यावर हात ठेवून सांगते.

खोकला वाढला आहे. संत्र्याच्या सुकवलेल्या सालीचं पाणी देते. काल सूपचं भांडं त्यांच्या हातून लवंडलं आणि शिव्या मला.

ताई


कौलून
११ फेब्रुवारी १९८९

ताई,

नववर्षाच्या शुभेच्छा. डबा अजून कपाटावरच आहे. माझ्या नावावर तू नऊ ड्रॅगन खपवलेस, आता तूच ये आणि कोर.

खरं सांगू का, सध्या हस्तिदंताचं नाव काढायची सोय राहिलेली नाही. गेल्या आठवड्यात टीव्हीवर आफ्रिकेतलं काही दाखवत होते. हत्ती कुशीवर पडलेला, आणि तोंडाच्या जागी तोंडच नाही. करवतीने चेहरा कापून काढलेला, माश्या बसलेल्या. बाजूला पिल्लू सोंडेने त्याला ढकलत होतं. वाई-सानने जेवता जेवता काड्या खाली ठेवल्या. म्हणाली, "डॅडी, सुळा काढायला हत्तीला मारावं लागतं?" मी म्हटलं, नाही गं, दात पडतात त्यांचे. लहान मुलांचे पडतात तसे. पडले की नवे येतात, जंगलातली माणसं जुने गोळा करतात. तर म्हणाली, "कुणी सांगितलं?" मी म्हटलं, तुझ्या आजोबांनी.

 तिने माझ्या हातांकडे बघितलं. ताई, दिवसभराची ती पांढरी भुकटी नखांत, सुरकुत्यांत बसलेली असते, कितीही घासा निघत नाही. त्या दिवसापासून मी वाढलेलं ती खात नाही. आपली वाटी घेऊन खिडकीपाशी जाते.

आणि मी चाळिशी उलटलेला बाप्या, पहिल्यांदा विचार केला, की सुळ्याचं पोकळ टोक कधी कधी आतून काळं का असायचं. आपल्याला कधी कसं सुचलं नाही गं?

बाबांना यातलं काही बोलू नकोस. ते आयुष्यभर दात पडतात असं समजून जगले, आता या वयात कशाला.

कारखान्यात कुजबूज आहे की सगळ्या जगात बंदी येणार. मालक म्हणतो, येत नाही. पण त्याने स्वतःची गाडी विकली.

बिंग


कौलून
१९ नोव्हेंबर १९८९

ताई,

कारखाना बंद झाला. नव्या वर्षापासून सीमेपलीकडे हस्तिदंत नेता येणार नाही, आणि इथे कुणी विकत घेणार नाही. मालकाने आम्हाला चहा पाजला आणि निरोप दिला. मला एका इमारतीत पहारेकऱ्याची नोकरी मिळाली आहे. लिफ्टसमोर बसायचं आणि म्हाताऱ्यांना गुड मॉर्निंग म्हणायचं.

पण पत्र त्यासाठी लिहीत नाही. काल घरी बसून हात शिवशिवायला लागले म्हणून तो डबा खाली काढला. खिडकीत उजेडाला धरून साल नीट पाहिली, पहिल्यांदाच नीट पाहिली. तिच्यावर शाईची एक रेघ नाही. ताई, बाबा शाईची रेघ ओढल्याशिवाय कधी आकडी हातात धरत नसत. रेघ वाकडी म्हणून मी त्यांच्या हातचा मार खाल्ला आहे. इथे रेघ नाही. प्रत्येक भोकाच्या कडेला बारीक खाच आहे, नखात अडकेल एवढी. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, अशा. मी डोळे मिटून अंगठा फिरवला. कुठलं भोक कुठे आहे ते मला न बघता समजलं.

बाबांना दिसत नाही ना?

कधीपासून?

पावलांवरून माणूस ओळखतात, सूप सांडतात, तू सगळं लिहिलं होतंस आणि मी मठ्ठासारखं वाचलं. दीड वर्ष तो गोळा माझ्या चपलांच्या खोक्याशेजारी पडून होता.

लगेच लिही.

बिंग


ग्वांगचौ
३० नोव्हेंबर १९८९

बिंग,

तुझं पत्र मी रस्त्यातच वाचलं आणि भाजीवालीच्या पायरीवर बसून रडले. तिने फुकट पालक दिला.

हो. चार वर्षं झाली. आधी कडेकडेने गेलं, मग मधलंही गेलं. गोळा हातात घेतला तेव्हा अंधारच होता. मी म्हटलं, बाबा, वेड लागलं का, न बघता कसं कराल. तर म्हणाले, "आत कधी कुणाला दिसलं आहे? एवढ्याशा भोकातून वाकडी आकडी घालायची आणि हाताने ऐकायचं. मी पन्नास वर्षं आंधळाच काम करतोय." ते खरंच होतं. थर मोजायचे ते बोटाने, जाडी ओळखायची ती आवाजाने. तीन थर सुटले तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या हसत होते.

साल राहिली. सालीला डोळे लागतात. तेव्हा म्हणाले, "साल बिंगची. सालीवर त्याचा हात माझ्यापेक्षा बरा होता. मी तेव्हाही तेच म्हणालो, त्याने भलतंच ऐकलं." मी म्हटलं, मग हे त्याला लिहू का? तर अंगावर आले. "डोळ्यांचं लिहिलंस तर याद राख. कीव करून हात लावला तर गोळा बिघडेल. कोरायचं म्हणून कोरू दे." मी त्यांचं ऐकलं. आता तूच ओळखलंस, तेव्हा माझ्यावर बोल नाही.

हत्तीचंही सांगते. बंदीची बातमी मी वर्तमानपत्रातून वाचून दाखवली, चुकून. मला वाटलं विचारतील, पडलेले दात उचलायला बंदी कशाला.  तर म्हणाले, "ती पोकळ टोकं पहाटे कोण धुवायचं? मीच ना. पडलेल्या दाताला कधी मांस चिकटतं का?" मी विचारलं, मग आम्हाला का खोटं सांगितलंत? म्हणाले, "तुम्ही दोघं त्याच दातांचं जेवत होतात. खरं सांगितलं असतं तर घास उतरला असता का?" हा तुझा बाप, बिंग. तू त्यांना जपायला निघालास आणि ते तुला जपत बसले होते.

आता पटापट कोर. वैद्य म्हणतो छातीत पाणी आहे. गोळा पुरा होऊन एकदा हातात यावा, यापलीकडे त्यांना काही नको आहे. नाही जमलं तर नुसता ये. रिकाम्या हाताने ये.

मी आजवर काय काय थापा मारल्या ते तू विचारशीलच, म्हणून लिहिते: नऊ ड्रॅगन. एकाच्या मिशा लांब, शेपटीपर्यंत. एक तोंड मिटलेला. दोन भांडतायत. सगळ्यांत लहान ढगाखाली झोपला आहे. एक आपल्या शाळेच्या हेडमास्तरांसारखा दिसतो, हे मी बाबा उदास होते त्या दिवशी म्हटलं होतं, ते फार हसले. त्यांची बोटं हे सगळं शोधणार, तेव्हा सगळं हवं.

ताई


कौलून
१८ मार्च १९९०

ताई,

झाला. नऊच्या नऊ. मिशावाला, भांडकुदळ जोडी, झोपलेलं पोर. हेडमास्तरांना चष्मा घालायचा मोह झाला होता. तोंड मिटलेला ड्रॅगन कसा करायचा ते तुला विचारायला हवं होतं. मिटलं की तो मांजरासारखा दिसतो. शाईची रेघ तीन वेळा पुसली, चौथ्यांदा जमला. एवढी मजा मला अठराव्या वर्षानंतर कधी आली नव्हती, आणि कोरता कोरता रडलो किती तेही सांगत नाही.

पण नेता येत नाही. सीमेवर दोनदा जाऊन विचारलं. म्हातारे वडील आहेत, आंधळे आहेत, विकायला नाही, त्यांनीच केलेला आहे, सगळं सांगितलं. तो अधिकारी चांगला माणूस होता. म्हणाला, "आजोबा, मागच्या वर्षी आला असतात तर कुणी विचारलंही नसतं. आता दिसला की जप्त होणार." मला आजोबा म्हणाला. फुक-काका म्हणतात, पिठात लपवून नेतो. मी नको म्हटलं. त्यांच्या हातून गेला तर बाबांचे सगळे दिवस त्या पिठात गेले.

मागच्या वर्षी तो कपाटावर होता. हे मी रोज लिफ्टसमोर बसून स्वतःला सांगतो.

एक सुचलं आहे. तुमच्या नाक्यावरच्या किराणा दुकानात फोन आहे ना? बाबांना तिथवर आणशील का? मी इकडून सगळी भोकं एका रेषेत आणीन आणि फुंकर मारीन. पलीकडे तळहाताच्या जागी फोन धरीन. आरपार आली तर त्यांना ऐकू येईल. त्यांचा कान काय आहे तुला ठाऊक आहे.

आणि ऐक. ते "आली" म्हणाले की मी येतो, त्याच आठवड्यात, रिकाम्या हाताने. पण त्याआधी नाही. एकदा त्यांच्या तोंडून पास होऊन मला त्या दारात उभं राहायचं आहे. हे त्यांना सांगू नकोस मात्र. सांगितलंस तर कीव करून हो म्हणतील.

आठ एप्रिल, रविवार, सकाळी दहा.

बिंग


ग्वांगचौ
१० एप्रिल १९९०

बिंग,

रविवारचं तुझ्या बाजूचं तुला माहीत आहे, इकडचं सांगते. शेजारच्या दोघांनी बाबांना वेताच्या खुर्चीत बसवून नाक्यापर्यंत उचलून नेलं. त्यांनी कारखान्यातला निळा कोट घातला होता, गळ्यापर्यंत बटणं लावून. दुकानवाल्या काकूंनी गिऱ्हाइकांना बाहेर उभं केलं. नऊपासून फोनला हात लावून बसले होते, मध्ये कुणाला फोन करू दिला नाही.

तू फुंकर मारलीस. त्यांनी डोळे मिटले, मिटून काय फरक पडतो तरी मिटले. मग "नाही आली" म्हणाले. तू पुन्हा सुई फिरवलीस, पुन्हा फुंकलंस, पुन्हा "नाही आली, एक थर अडतोय." तिसऱ्यांदाही तेच, आणि मग लाइन तुटली. त्यानंतरही ते कितीतरी वेळ फोन कानाला लावून होते.

तू मनाला लावून घेऊ नकोस. एवढ्या लांबून असं होतं. पुन्हा एकदा फोन कर. याच आठवड्यात कर. थर शोधत बसू नकोस, नुसता फोन कर. मी सांगते म्हणून कर.

ताई


कौलून
२ मे १९९०

ताई,

नुसता फोन करून काय होणार? अडलेला थर फोनने सुटत नाही.

मी पहाऱ्यावरून आलो की गोळा घेऊन बसतो. सुईने एकेक थर फिरवून बघतो, पहिल्यापासून एकविसाव्यापर्यंत, मग उलटा. भुकटी राहिली असेल म्हणून ससाण्याच्या पिसाने झटकली. सालीच्या कडा माझ्या हातून जाड राहिल्या असतील म्हणून दोन ठिकाणी तासल्या. मला काही सापडत नाही. पण बाबा अडतोय म्हणाले म्हणजे अडतो. त्यांचा कान आजवर कधी चुकला नाही, माझे हात चुकलेत.

एक गंमत झाली. गंमत म्हणजे, काय म्हणू. वाई-सान माझ्यामागे उभी राहून बघत होती. वर्षभर ती या वस्तूच्या जवळपास आली नव्हती. म्हणाली, "आजोबांना दिसत नसताना त्यांनी हे केलं?" मी हो म्हटलं. मग म्हणाली, "तो हत्ती तर मेलाच आहे, डॅडी. आजोबा अजून आहेत." आणि पलीकडे तळहात धरला. मी फुंकर मारली. म्हणाली, "आली." मी पुन्हा मारली. म्हणाली, "आली की, थंडगार." पोरीला काय कळतं यातलं. पण त्या दिवशी आम्ही एका टेबलावर जेवलो.

आठवा का नववा थर मला संशयास्पद वाटतो. तो नीट झाला की मगच फोन करीन. या वेळी मला "नाही" ऐकायचं नाही. या महिनाअखेरच्या ड्रॅगन-नौकांच्या सणापर्यंत नक्की. बाबांना सांग, बिंग शोधतोय.

बिंग


ग्वांगचौ
१७ जून १९९०

बिंग,

बाबा गेल्याची तार मिळताच तू आलास. दारात गुडघे टेकलेस, रात्र जागवलीस, पाणी दिलंस आणि चौथ्या दिवशी नोकरीसाठी परत गेलास. तू समोर होतास तेव्हा हे तोंडातून निघेना. तीनदा तुझ्या शेजारी येऊन बसले आणि तीनदा चहा ठेवायला उठले. जाताना स्टेशनवर तू म्हणालास, "ताई, तो थर शेवटपर्यंत सापडला नाही. मी नापासच राहिलो." तेव्हाही मी गप्प बसले, कारण गाडी सुटत होती आणि मला धीर झाला नाही. आता लिहिते.

फोनच्या दिवशी खुर्ची घराकडे वळली तेव्हा बाबा गालातल्या गालात हसत होते. मला वाटलं ऊन लागलं. दार लावल्यावर मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "पहिल्यालाच आली. स्वच्छ आली. एकही थर आडवा नव्हता." मी म्हटलं, मग नाही का म्हणालात? पोर तिकडे जीव टांगून बसलं असेल. तर म्हणाले, "हो म्हटलं असतं तर त्याने फोन ठेवला असता."

म्हणाले, "अठ्ठावीस वर्षांनी त्याचा श्वास ऐकला, हिंग. लहानपणी धापा टाकायचा तसाच आहे. आणखी दोनदा ऐकला. पुढच्या वेळी आली म्हणेन, शप्पत. तू त्याला सांगू नकोस, नाहीतर करायचा नाही."

मी नाही सांगितलं. मला वाटलं दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. आली म्हणाले की तू येणार हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. आली होती हे मला माहीत होतं, तुला नव्हतं. दोघांनी मला गप्प राहायला सांगितलं आणि मी मूर्खासारखी दोघांचंही ऐकलं. एकाचं जरी मोडलं असतं तर तू त्यांच्या जिवंतपणी या दारात उभा असतास. हे मला जन्मभर पुरेल.

तू शोधतोयस असं मी त्यांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "काय शोधतोय? तिथे काही नाहीच." मग स्वतःशीच खजील झाले. तरी रोज सकाळी कोट मागायचे आणि रोज मला शेजाऱ्यांना हाक मारायला लावायचे. शेवटी शेवटी उचलणं झेपेना, तेव्हा दुकानवाल्या काकूच संध्याकाळी येऊन सांगून जायच्या, आज कुणाचा फोन आला नाही म्हणून.

गोळा तिकडेच असू दे. वाई-सानकडे दे. तिला सांग, तिचा हात बरोबर होता.

आणि आता ती सुई खाली ठेव, बिंग. त्या गोळ्यात कुठेच काही अडकलेलं नाही.

ताई